रुग्णालयाच्या दारावरचे दोन प्रश्न



रुग्णालयांच्या इतिहासावर बोलावयाचे म्हटले, की वक्ता बहुधा श्रोत्यांना शस्त्रक्रियागृहात नेतो. भूल देण्याचा शोध, जंतूंचा शोध, पेनिसिलिन, क्षकिरण ही सारी आतल्या दालनांतली कथा आहे, आणि ती थोर आहे. मी मात्र आज आपणांस इतक्या आत नेणार नाही. मी दारातच थांबणार आहे. ज्याला आपण सारे 'कॅज्युअल्टी' म्हणतो त्या तातडीच्या विभागाच्या दारात, जेथे केसपेपर निघतो, तेथे.

ह्या दाराचे रात्री नऊचे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. बाकावर हात मोडलेला एक मुलगा रडतो आहे. एक गृहस्थ छाती दाबून, घामाघूम होऊन बसले आहेत. कोपऱ्यात तापाने फणफणलेली एक बाई पदराआड खोकते आहे आणि तिच्याबरोबर घरची पाच माणसे आली आहेत. आता आधी कोणाला आत घ्यावयाचे? रेशनच्या दुकानात किंवा तिकिटाच्या खिडकीशी ह्याचे उत्तर सोपे असते. जो आधी आला तो आधी. तेथे ते न्यायाचेही असते. पण रुग्णालयाच्या दाराशी हाच न्याय लावला तर छातीत कळ आलेला माणूस रांगेतच दगावेल. म्हणून तेथे कोणीतरी उभे राहून माणसांची निवड करावी लागते. ह्या निवडीला वैद्यकात 'ट्रायाज' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. पूर्वी तो लोकर, कॉफीच्या बिया असा माल निवडून वेगळा करण्यासाठी वापरीत. आपल्याकडे कांद्याची किंवा आंब्याची प्रतवारी करतात, तसाच. मालाचा शब्द माणसाला लागला हे ऐकून मन जरा बिचकते. परंतु ह्या प्रतवारीचा इतिहास पाहिला, तर तिचा उगम निर्दयतेत नसून दयेतच झाला असे दिसून येईल.

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या रणांगणांवर जखमी शिपायाला फारसा वाली नसे. लढाई थांबेपर्यंत तो तेथेच पडून राही, आणि उपचार मिळालेच तर आधी अधिकाऱ्यांना मिळत. नेपोलियनच्या सैन्याचा प्रख्यात शल्यवैद्य दोमिनिक लारे ह्याने ही रीत मोडली. त्याने घोड्यांच्या हलक्या गाड्या तयार करवून लढाई चालू असतानाच जखमींना उचलण्याची व्यवस्था केली. आणि नियम घातला, की ज्याची जखम अधिक घातक त्याला आधी पाहावयाचे, मग त्याचा हुद्दा कोणताही असो. आज हे आपल्याला साधे वाटते. त्या काळी सेनापतीला थांबवून शिपायाची जखम बांधणे ही लहानसहान क्रांती नव्हती.

पुढे क्रिमियाच्या युद्धात, १८५४-५५ साली, सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात रशियन शल्यवैद्य निकोलाय पिरोगोव्ह ह्याच्यापुढे एकेका दिवसात इतके जखमी येऊन पडू लागले की भेटेल त्याच्यावर उपचार करीत सुटण्यात अर्थ उरला नाही. त्याने दारातच जखमींचे गट पाडले. ज्यांची आशा नाही त्यांना परिचारिका आणि धर्मोपदेशक ह्यांच्या हवाली केले. ज्यांची शस्त्रक्रिया ताबडतोब हवी त्यांना आत नेले. ज्यांचे उद्यापर्यंत थांबू शकते त्यांना वेगळे ठेवले आणि किरकोळ जखमींना मलमपट्टी करून परत पाठविले. आपल्या आयुर्वेदानेही रोगांचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य असे भाग पाडलेच होते. परंतु ते एका वैद्यापुढे बसलेल्या एका रोग्याविषयीचे अनुमान होते. एका वेळी शेकडो माणसे समोर असता वेळ आणि हात कोणासाठी खर्चावयाचे, हा प्रश्न रणांगणाने विचारला.

पहिल्या महायुद्धात हा शब्द सैनिकी वैद्यकात रुळला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो शहरातल्या रुग्णालयांत आला. अमेरिकेत १९६०च्या दशकात तातडीच्या विभागांतली गर्दी वाढली, तेव्हा दारावर अनुभवी परिचारिका बसवून ही निवड सुरू झाली. १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियाने पाच पायऱ्यांची राष्ट्रीय मोजपट्टी केली. पहिल्या पायरीच्या रोग्याला तत्काळ, दुसऱ्याला १० मिनिटांत, तिसऱ्याला ३० मिनिटांत, चौथ्याला तासाभरात आणि पाचव्याला दोन तासांत पाहावयाचे. इंग्लंडातल्या मँचेस्टर शहराने तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा आणि निळा असे रंग ठरविले. ह्या साऱ्या पद्धतींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: ह्यांपैकी कोणाचा जीव अधिक धोक्यात आहे? हा झाला दारावरचा पहिला प्रश्न.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. कोपऱ्यात खोकत बसलेली ती बाई आठवा. पहिल्या प्रश्नाच्या मोजपट्टीवर तिचा क्रमांक खाली लागतो. श्वास ठीक आहे, शुद्ध आहे, ताप आहे एवढेच. ती तासभर थांबू शकते. पण ती जर श्वासावाटे पसरणाऱ्या एखाद्या विषाणूने आजारी असेल, तर त्या तासाभरात तिच्या शेजारच्या बाकांवर काय घडेल? छातीत दुखणाऱ्या माणसापासून शेजाऱ्याला भय नसते. खोकणाऱ्या माणसापासून असते. म्हणून दारावर दुसरा प्रश्न विचारावा लागतो: ह्यांपैकी कोणापासून इतरांना धोका आहे?

हा प्रश्न जुना आहे. काही रोग स्पर्शाने, श्वासाने आणि एकत्र जेवण्याबसण्याने एकाकडून दुसऱ्याकडे जातात, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. मात्र पूर्वी हा प्रश्न रुग्णालय विचारीत नसे. तो सरकार विचारी, आणि तोही वेशीवर, बंदरात व रेल्वे स्टेशनावर. आपल्या महाराष्ट्राला त्याची आठवण करून द्यावयास नको. १८९७ साली प्लेगच्या वेळी पुण्यात सोजिरांकरवी घरांच्या झडत्या झाल्या, माणसे उचलून छावण्यांत नेली गेली आणि त्या संतापाचा शेवट २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांच्या गोळ्यांत झाला. रोग्यांना वेगळे ठेवणे हे शास्त्राला धरून होते. परंतु ते अपमान करून, धाकदपटशाने झाले आणि लोकांनी रोगी लपविले. ही गोष्ट आपण मनात ठेवू, कारण शेवटी तिच्याकडे परत यावयाचे आहे.

विसाव्या शतकात लसी आल्या, प्रतिजैविके आली आणि संसर्गाचे भय ओसरले. सांसर्गिक रोगांची रुग्णालये गावाबाहेर एका बाजूस राहिली. तातडीचे विभाग बांधले गेले ते अपघात आणि हृदयविकार डोळ्यांपुढे ठेवून. खाटेला खाट लागलेली, मध्ये फक्त कापडी पडदा. पडद्याने लज्जारक्षण होते. विषाणू अडत नाही. हा दुसरा प्रश्न आपण विसरलो होतो, हे जगाला २००३ साली कळले.

त्या साली दक्षिण चीनमधून 'सार्स' नावाचा नवा श्वसनरोग बाहेर पडला. फेब्रुवारीच्या २१ तारखेला ग्वांगडाँग प्रांतातील एक आजारी डॉक्टर हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात उतरले. त्यांच्यापासून त्याच हॉटेलातल्या इतर पाहुण्यांना रोग लागला, आणि ते पाहुणे आपापल्या गावी गेले. त्यांतले दोन धागे कॅनडात पोहोचले, एक पूर्वेच्या टोरांटोत आणि एक पश्चिमेच्या व्हँकुव्हरात. योगायोग असा, की दोन्ही शहरांतल्या रुग्णालयांच्या दारांत हा रोग एकाच दिवशी येऊन उभा राहिला. तो दिवस ७ मार्च २००३.

टोरांटोत हॉटेलातून परतलेली वृद्ध स्त्री घरीच वारली होती. तिचा मुलगा ताप आणि खोकला घेऊन स्कारबरो ग्रेस रुग्णालयात आला. गर्दी होती. रिकामी खाट नव्हती. तो रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही काही तास तातडीच्या विभागात, पडद्याआड, इतर रोग्यांच्या शेजारी राहिला. श्वास मोकळा व्हावा म्हणून त्याला वाफेसारखे औषध देण्यात आले. उपचार योग्यच होता. पण अशा उपचाराने रोग्याच्या श्वासातले कण हवेत अधिक पसरू शकतात, हे तेव्हा तेथे कोणाच्या ध्यानी येण्याचे कारण नव्हते. डॉक्टरांना क्षयाचा संशय आला. १३ मार्चला तो मरण पावला. तोवर शेजारच्या खाटांवरील रोग्यांना लागण झाली होती, त्यांच्यापासून त्यांच्या घरच्यांना, परिचारिकांना आणि दुसऱ्या रुग्णालयांना. ऑन्टेरिओ प्रांतात ३७५ रोगी झाले. ४४ माणसे दगावली. रोग्यांपैकी सुमारे ४५ टक्के रुग्णालयांतच काम करणारे होते. त्यांतल्या दोन परिचारिका आणि एक डॉक्टर परत घरी गेले नाहीत.

त्याच दिवशी व्हँकुव्हरच्या जनरल हॉस्पिटलात त्याच हॉटेलात राहून आलेला दुसरा रोगी आला. दारावरच्या माणसांनी ताप, खोकला आणि पूर्वेकडचा प्रवास ह्या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या आणि काही मिनिटांत त्याला वेगळ्या खोलीत नेले. जवळ जाणाऱ्यांनी मुखपट्ट्या लावल्या. त्यांनाही रोगाचे नाव ठाऊक नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेचा जगभरचा इशारा निघाला १२ मार्चला, म्हणजे पाच दिवसांनंतर. त्या रोग्यापासून रुग्णालयात साथ पसरली नाही.

हा फरक का पडला? टोरांटोच्या परिचारिका निष्काळजी होत्या काय? मुळीच नव्हत्या. ऑन्टेरिओ सरकारने न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल ह्यांचा चौकशी आयोग नेमला होता. त्याने ह्या दोन शहरांची तुलना केली, ती दोष माणसांवर न ठेवता व्यवस्थेवर ठेवून. व्हँकुव्हरच्या प्रांतात रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारीतच रुग्णालयांना सूचना धाडली होती, की चीन व हाँगकाँगकडून आलेल्या तापाच्या रोग्यांवर नजर ठेवा. ती बातमी दारापर्यंत पोहोचली होती. शिवाय नशिबाचाही भाग होता. व्हँकुव्हरचा रोगी स्वतः प्रवास करून आलेला होता आणि टोरांटोचा तरुण परदेशी गेलाच नव्हता, त्याची आई गेली होती. परंतु नशीब सगळीकडेच असते, सूचना सगळीकडे नसते. कॅम्पबेल ह्यांचा मुख्य निष्कर्ष असा, की शास्त्रीय खात्री होईपर्यंत सावधगिरी लांबणीवर टाकू नये. आधी रोग्याला वेगळे बसवावे, मग रोगाचे नाव शोधावे.

येथे एक वैद्यकीय बारकावा सांगितला पाहिजे. सार्सचा रोगी साधारण दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे खूप आजारी झाल्यावर, सर्वाधिक विषाणू बाहेर टाकतो. म्हणजे जेव्हा तो रुग्णालयात असतो तेव्हाच. त्यामुळे हा रोग बाजारात कमी आणि रुग्णालयात अधिक पसरला. पण त्याच कारणाने तो दारावर अडविताही आला. जुलै २००३पर्यंत साथ आटोक्यात आली. जगात ८,०९६ रोगी आणि ७७४ मृत्यू एवढ्यावर ती थांबली. त्यानंतर अनेक देशांत दाराशी पाट्या लागल्या: खोकला असेल तर आधी सांगा, तोंड झाका, ही मुखपट्टी घ्या, इतरांपासून दूर बसा. साधी पाटी, पण तिच्यामागे एवढी माणसे गेली आहेत.

सहा वर्षांनी आपल्या दारी पाळी आली. २००९ साली स्वाइन फ्लू आला आणि ३ ऑगस्टला पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. भारतातला तो ह्या साथीचा पहिला बळी. त्यानंतरचे दिवस पुणेकर विसरले नसतील. नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या. साध्या सर्दीचा माणूसही तपासणीसाठी रांगेत आणि खऱ्या फ्लूचाही रांगेत. ज्या रांगेत आजार ओळखावयाचा, त्या रांगेतच तो लागण्याचे भय निर्माण झाले. तेव्हा केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने रोग्यांचे अ, ब, क असे तीन वर्ग करून दिले. सौम्य तापखोकला असेल तर घरी राहा, तपासणी नको. ताप जोराचा असेल, किंवा रोगी गरोदर, वृद्ध, लहान मूल अथवा जुन्या व्याधीचा असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध. धाप लागली, छातीत दुखू लागले, रक्तदाब उतरला, तर तपासणी आणि रुग्णालयात दाखल. म्हणजे प्रतवारीचा आणखी एक गुण आपल्याला कळला. कोणाला आत घ्यावे हे ती सांगते, तसेच कोणी घरीच थांबावे हेही सांगते. "घरी जा" हा सल्ला ऐकणाऱ्याला तो झिडकारल्यासारखा वाटतो. पुष्कळदा तो त्याच्या हिताचा असतो.

२०१५ साली दक्षिण कोरियाने धडा घेतला आणि तो महागात घेतला. आखाती देशांत फिरून आलेला एक रोगी तीनचार रुग्णालये हिंडला आणि २० मे रोजी त्याला 'मर्स' हा रोग असल्याचे ठरले. त्याच्यापासून एका रुग्णालयात लागण झालेला दुसरा तरुण रोगी २७ मे रोजी राजधानी सेऊलच्या सॅमसंग वैद्यकीय केंद्राच्या तातडीच्या विभागात आला आणि २९ तारखेपर्यंत तेथे होता. तो कोठून आला आहे ह्याचा खरा अर्थ दारावरच्या माणसांना कळू शकला नाही, कारण रोग आढळलेल्या रुग्णालयांची नावे सरकारने गुप्त ठेवली होती. ती ७ जूनला प्रसिद्ध झाली. तोवर उशीर झाला होता. त्या एकट्या माणसापासून ८२ जणांना लागण झाली. त्यांत ३३ रोगी होते, ८ कर्मचारी होते आणि ४१ जण सोबतीला किंवा भेटीला आलेली घरची माणसे होती. हा शेवटचा आकडा पुन्हा ऐका. कोरियातही आपल्यासारखीच रीत आहे, की रोग्याबरोबर घर रुग्णालयात येते. उशाशी बसते, जेवण भरविते. ह्या प्रेमाची किंमत अर्ध्या लोकांनी दिली नसती, तर बरे झाले असते. साथीत एकूण १८६ रोगी झाले आणि ३८ दगावले. त्यानंतर कोरियाने तातडीच्या विभागांबाहेर तपासणीचे मंडप आणि वेगळ्या खोल्या केल्या आणि सोबतीच्या माणसांची संख्या मर्यादित केली. २०२०च्या फेब्रुवारीत कोविडची लाट आली, तेव्हा ही तयारी त्यांच्या उपयोगी पडली.

आता कोविडचे दोन शब्द. इटलीच्या उत्तर भागात कोदोन्यो नावाचे लहानसे गाव आहे. फेब्रुवारी २०२०मध्ये तेथील रुग्णालयात अडतीस वर्षांचा एक धडधाकट माणूस न्युमोनियाने अत्यवस्थ झाला. नियम असा होता, की चीनशी संबंध असेल त्याचीच कोविडची तपासणी करावयाची. हा चीनला गेला नव्हता. आनालिझा मालारा नावाच्या भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी नियमापलीकडे जाऊन तपासणी मागितली. २० फेब्रुवारीच्या रात्री उत्तर आले: कोविड. रोग देशात केव्हाच पसरला होता आणि दारावर मात्र "चीनला गेला होता काय?" एवढाच प्रश्न विचारला जात होता. व्हँकुव्हरला ज्या प्रश्नाने वाचविले, तोच प्रश्न सतरा वर्षांनी इटलीला फसवून गेला. पहारेकरी तोच होता, चोराने वेश बदलला होता. पुढे हेही कळले, की कोविडचा रोगी ताप येण्याआधीच रोग पसरवू शकतो. मग दारावर कोणाला वेगळे काढणार? म्हणून सर्वांनीच मुखपट्टी लावावी, हे उत्तर निघाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या देशात सौम्य, मध्यम व गंभीर रोग्यांसाठी तीन प्रकारची वेगळी केंद्रे करण्याचे धोरण ठरले, आणि बोटाला लावावयाचे ऑक्सिजन मोजण्याचे चिमटे घरोघर पोहोचले. ९४ हा आकडा ज्याला माहीत नाही असे कुटुंब तेव्हा विरळाच होते. जी प्रतवारी पिरोगोव्हने वेढ्याच्या छायेत केली, ती आपल्या आईबहिणी माजघरात करू लागल्या.

ह्या सर्व हकीकतींतून मला जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे. श्वासाच्या साथीत रुग्णालयाचे भवितव्य पुष्कळ अंशी दाराशी ठरते. तेथे उभी असलेली सिस्टर दोन प्रश्न मनात धरून असते, आणि कधी कधी ह्या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध जातात. ज्याला थांबता येईल त्यालाच आधी वेगळे न्यावे लागते आणि ज्याला घाई आहे त्याच्यापाशी जाण्याआधी मुखपट्टी बांधण्यात क्षण घालवावा लागतो. हा निर्णय ती आपल्या जिवावर घेते, हे टोरांटोने दाखविले. तिला ताजी बातमी मिळाली पाहिजे, हे व्हँकुव्हर आणि सेऊल ह्यांनी दाखविले. बातमी शिळी झाली तर प्रश्न बदलण्याची मुभाही तिला असली पाहिजे, हे कोदोन्योने दाखविले. दुसरी खोली, निदान उघड्या हवेतला एखादा मांडव, दोन बाके आणि मुखपट्ट्यांची पेटी एवढे तरी तिच्या हाताशी हवे. हे सारे खर्चिक नाही. पण साथ ओसरली की पहिल्यांदा हेच गुंडाळले जाते. टोरांटोतच मे २००३मध्ये साथ गेली असे मानून बंदोबस्त सैल केला गेला आणि दुसरी लाट उसळली.

आणि आपले काय? १८९७ची आठवण मी मुद्दामच ठेवावयास सांगितली होती. धाकाने विचारलेल्या प्रश्नाला माणूस खोटे उत्तर देतो. कोठे प्रवास केला, घरात कोण आजारी आहे, ताप केव्हापासून आहे, ह्यांची खरी उत्तरे केवळ विश्वासातून मिळतात. तो विश्वास रुग्णालयाने गोड शब्दांनी कमवावयाचा आहे आणि आपण खरे बोलून परत करावयाचा आहे. कॅज्युअल्टीच्या दारात आपल्यामागून आलेला माणूस आधी आत गेला, तर वशिला लागला असे एकदम म्हणू नये. तो आपल्याहून अधिक आजारी असेल, किंवा त्याच्यापासून आपल्याला वाचविण्यासाठीच त्याला उचलले असेल. आणि खोकणाऱ्या माणसाला वेगळे बसविले तर तो वाळीत पडला असेही नव्हे. उद्या त्या वेगळ्या बाकावर आपण असू. तेव्हा दुरूनच का होईना, कोणी "पाणी हवे का?" असे विचारावे, एवढी माणुसकी आपण आज दुसऱ्याला दाखवून ठेवू.